तिसरी कांडी

फोटो काढणाऱ्याला लोक एरवी विचारतात, कसा आलाय? तिला मात्र सगळे एकच विचारत, "जगली की मेली?" आणि विचारत ते कांडीबद्दल.

ती जिथे कामाला होती त्या प्रयोगशाळेत स्फोटकांचे एक्स-रे काढत. दवाखान्यात हाडाचा काढतात तसाच, फक्त इथलं हाड क्षणभरही थांबायला तयार नसतं. लोखंडी पेटीत स्फोटकाची कांडी ठेवायची, पेटीचं झाकण आवळायचं, जाड भिंतीच्या अलीकडे येऊन बसायचं आणि कांडी उडवायची. आग आणि धूर यांच्यापुढे साधा कॅमेरा हात टेकतो. एक्स-रे मात्र आगीच्या आरपार जातो. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळा प्रकार कितीतरी वेळा आटोपून गेलेला असतो, आणि त्याच्याही आत एकापाठोपाठ एक असे चार फोटो काढायचे असतात. ते येतात करडे आणि अंधूक. एकदा तिने शेजारणीला त्यातला एक दाखवला होता. शेजारणीने बराच वेळ निरखून विचारलं, "पोटाचा आहे का गं?" त्यानंतर तिने कुणाला काही दाखवलं नाही.

जी कांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट फुटून नाहीशी झाली ती इथल्या बोलण्यात जगली. जी फुटायलाच तयार नाही ती मेली. बाहेरच्याला हे उफराटं वाटतं. तिलाही आधी वाटायचं. आता इतकी वर्षं झाली होती की घरात कुणी आजारी असल्याचा फोन आला आणि "जगेल ना?" असं कुणी विचारलं की तिला एक क्षण तो नेमका उलटा ऐकू यायचा.

गेले काही महिने या जगली-मेलीवर तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचा जीव टांगलेला होता.

दादा दगडाच्या खाणीत सुरुंगवाला होता. खडकात ओळीने भोकं पाडायची, त्यांत कांड्या आणि त्यांना पेटवणारे डेटोनेटर उतरवायचे आणि ओळ उडवून द्यायची, यात त्याची हयात गेली होती. सगळी भोकं एकदम उडवत नाहीत, एकामागून एक उडवतात, अगदी किंचित अंतराने. पूर्वी तारा असायच्या, त्यांना मीटर लावून बघता यायचं. आता प्लास्टिकच्या बारीक नळ्या असतात आणि ठिणगी या नळीतून त्या नळीत धावते. नळी जोडली की नाही हे डोळ्यांनीच बघायचं, दुसरा उपाय नाही. दादाने त्या दिवशी ओळ जोडली, ओळ उडाली, धूळ बसल्यावर तो नेहमीसारखा फिरून आला आणि सगळं ठीक असल्याची शिटी त्याने वाजवली. पण एक भोक उडालं नव्हतं. ते ढिगाऱ्याखाली तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी खोदयंत्राचा दात त्याला लागला आणि यंत्रावरचा माणूस जागच्या जागी गेला. दादाची आणि त्याची रोजची ऊठबस होती. दुपारचा डबा दोघं एकाच दगडावर बसून खायचे.

चौकशी बसली. प्रश्न एकच होता. त्या भोकाची नळी दादाने जोडली नव्हती, की जोडली होती आणि कांडीच फुटली नाही? दुसरं होऊ शकतं. त्या कांडीतलं स्फोटक मलमासारखं असतं, त्यात बारीक बारीक बुडबुडे असतात आणि फुटायला तेच लागतात. शेजारचं भोक आधी उडालं आणि त्याचा दणका खडकातून पोचला की कधीकधी बुडबुडे चेपून जातात. मग डेटोनेटर वाजला तरी कांडी ढिम्म हलत नाही. कांड्या बनवणारी कंपनी म्हणाली, आमच्या कांड्या असल्या दणक्याला भीक घालत नाहीत. दादा म्हणाला, मी सगळ्या नळ्या जोडल्या होत्या. निदान चौकशीत तरी तो असंच म्हणाला.

घरी, तिच्या स्वयंपाकघरात, तो एकदाच वेगळं बोलला होता. खाण बंद झाल्यापासून तो तिच्याकडे राहत होता, कारण खाणीजवळच्या त्याच्या घरासमोरून मेलेल्या माणसाची बायको रोज पाणी भरायला जायची आणि त्याला ते बघवत नव्हतं. वहिनी तिथेच होती, मुलांची शाळा होती म्हणून. तर एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "छोटे, मी जोडत होतो ना, तेव्हा मधेच कुणीतरी हाक मारली. मी मागे वळलो, काहीतरी बोललो. मग परत खाली बसलो. पण त्याच भोकापाशी बसलो की पुढच्या, हे आठवत नाही. किती आठवलं तरी आठवत नाही." एवढं बोलून त्याने ताट जाग्यावर ठेवलं. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही, पण रात्री त्याच्या कूस बदलण्याचा आवाज तिला भिंतीपलीकडून यायचा. नोकरी जाईल, परवाना जाईल, कदाचित तुरुंग होईल, हे सगळं होतंच. पण त्याला खाऊन टाकत होतं ते हे. आपण त्या माणसाला मारलं की नाही, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

कांड्या तपासायला तिच्याच प्रयोगशाळेत आल्या. तिने साहेबांना जाऊन सांगितलं, हा सुरुंगवाला माझा भाऊ आहे, मला यातून वगळा. साहेबांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले. साहेब नेहमीच असे दिसत, जणू आत्ताच कुणीतरी त्यांना झोपेतून उठवून खुर्चीवर बसवलं आहे.

"वगळून आणू कुणाला?" ते म्हणाले. "फोटो वाचणारी माणसं आहेत दोन. तुम्ही आणि भिंगकाका. दुसऱ्या प्रयोगशाळेत रांग इतकी की आपला नंबर लागेपर्यंत मीच निवृत्त होईन. चौकशीवाल्यांना लेखी कळवतो. ते हो म्हणतील, तेही दमलेत."

ते हो म्हणाले.

त्या लॉटच्या तीनच कांड्या उरल्या होत्या. बाकीच्या खाणीतच कधीच्या उडवून झाल्या होत्या. पहिली कांडी पेटीत घातली, तिच्या शेजारी एक साधी कांडी उडवून तिला दणका दिला आणि मग तिला पेटवलं. ती जगली. स्वच्छ जगली, चारही फोटोंत आगीची कड सरळ पुढे सरकताना दिसत होती. त्या दिवशी घरी जाऊन तिने दादाला सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि जेवला नाही. दुसरी कांडी लंगडली. अर्धी फुटली आणि मधेच विझत गेली, पण फोटो जरा उशिरा पडले, त्यामुळे विझणं नेमकं कुठे सुरू झालं ते निसटलं. एक जगली, एक धड ना इकडची ना तिकडची. आता सगळं तिसरीवर आलं. ती मेली तर चौकशीवाले मान्य करणार होते की या लॉटच्या कांड्यांचा भरवसा नाही आणि दोष दादाचा धरता येत नाही.

तिसरीच्या दिवशी सकाळी दादाने तिच्या हातात डबा दिला. "आज आहे ना?" एवढंच त्याने विचारलं. ती हो म्हणाली. त्याने दाढी केली होती, कुठे जायचं असल्यासारखी, आणि गालावर जिथे कापलं होतं तिथे कागदाचा तुकडा चिकटवला होता. तिला ते बघून रडू आलं आणि रागही आला. कशाचा राग हे तिलाही सांगता आलं नसतं.

प्रयोगशाळेत सकाळ पेटी साफ करण्यात गेली. मागच्या वेळची काजळी खरवडायची, वाळूचे कण झटकायचे, कांडी धरून ठेवणारा चिमटा घट्ट करायचा. ती आणि भिंगकाका दोघंच होते. काकांना भिंगकाका म्हणत कारण त्यांच्या खिशात सदैव एक जाड भिंग असे आणि फोटोच काय, कँटीनमधला भातही ते त्याखाली धरून बघत. स्वभावाने माणूस मोकळा. एरवी अखंड बोलत. पण गेल्या महिन्यापासून त्यांच्या बायकोचा दवाखाना चालू होता, आणि ते उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागले होते.

फोटो नेमका कधी पडणार हे ठरवणं ही या कामातली खरी कटकट आहे. माणसाने बटण दाबून ते जमत नाही, कांडीनेच ते दाबावं लागतं. म्हणून डेटोनेटरला लागून दोन पातळ पत्र्यांची चकती बसवतात, मध्ये कागद. डेटोनेटर फुटला की पत्रे एकमेकांना भिडतात आणि एक्स-रेच्या यंत्राला इशारा जातो. पण इथे एक गोम होती. शेजारच्या कांडीचा दणका आधी बसतो, आणि त्या दणक्यानेच पत्रे भिडले तर यंत्र फसतं. आपली कांडी अजून पेटलेलीसुद्धा नाही आणि फोटो काढून मोकळं. म्हणून पहिला दणका जाऊन सगळं शांत होईपर्यंत यंत्राचे कान बंद ठेवायचे. त्यासाठी एक वेगळं बटण होतं, त्याला सगळे दार म्हणत. त्याच्या शेजारी अगदी तसंच दुसरं बटण, उशिराचं. इशारा मिळाल्यावर किती थांबून फोटो काढायचा ते त्याच्यावर ठरायचं. ही दोन बटणं जुळ्या बहिणींसारखी शेजारी शेजारी कुणी बसवली होती देव जाणे. ती बसवणारा कधी पेटीजवळ उभा राहिला नसणार.

म्हणून इथे एक रिवाज होता. एकाने बटण फिरवून आकडा मोठ्याने बोलायचा आणि दुसऱ्याने स्वतः बटणाकडे बघून तोच आकडा परत बोलायचा.

मागचे फोटो उशिरा पडले होते, म्हणून आज उशीर कमी करायचा होता. तिने वाकून बटण फिरवलं आणि आकडा बोलली. काका मागून तोच आकडा परत बोलले. मग दोघं भिंतीच्या अलीकडे आले, भोंगा वाजला, आणि पायाखालची जमीन एकदा हलली. एवढंच. तिसरी कांडी संपली होती.

फोटो वाचण्याचाही रिवाज होता. वाचणाऱ्या दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा. जगली, मेली किंवा बाद. बाद म्हणजे फोटो फुकट गेला, त्यावरून काही म्हणता येत नाही. हा शब्द लिहायला कुणाचा हात धजत नसे. मग साहेबांसमोर दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या.

ती आपल्या खोलीत गेली, दिव्याच्या काचेवर चारही फोटो लावले आणि खुर्चीवर बसायचंच विसरली.

कांडी अख्खी होती. दणक्याने कंबर चेपलेली, पण अख्खी. आग नाही, फाटणं नाही. पहिल्या फोटोत नाही, दुसऱ्यात नाही, चौथ्यातही नाही. मेली होती. ती थोडा वेळ नुसती रडली, तोंडावर रुमाल धरून, शेजारच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून. दादाने जोडली होती नळी. मागे वळून बोलला आणि परत त्याच भोकापाशी बसला. आता तो झोपेल. घरी जाईल, मुलांना बघेल, त्या माणसाच्या बायकोच्या दारात जाऊन उभा राहू शकेल. तिने चिठ्ठी ओढली आणि "मेली" लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

मग तिने पुन्हा फोटोंकडे बघितलं. संशय आला म्हणून नाही. सुख झालं म्हणून बघितलं, जसं आपण बाळाकडे पुन्हा पुन्हा बघतो.

चारही फोटो एकसारखे होते.

एकसारखे म्हणजे तंतोतंत. तिला बरं वाटेनासं झालं. मेलेल्या कांडीतही काहीतरी होतंच. कांडी फुटली नाही तरी डेटोनेटर फुटतो, टोकाला मलम उचकटतं, पहिल्या फोटोत थोडं, चौथ्यात जास्त. इथे काहीच पुढे सरकत नव्हतं. डेटोनेटरचं टोक फोटोच्या कोपऱ्यात होतं आणि त्यावर चिमट्याची सावली पडली होती. तिने डोळा काचेला जवळजवळ चिकटवला. सावलीच्या कडेला एक बारीक सरळ रेघ दिसत होती. डेटोनेटरच्या नळकांड्याची कड. सरळ. फुटलेल्या डेटोनेटरची कड सरळ नसते.

ती तडक यंत्रापाशी गेली. दोन बटणं शेजारी शेजारी होती. उशिराचं बटण मागच्या वेळी होतं तिथेच होतं. फिरवलं होतं ते दाराचं.

तिने स्वतःच्या हाताने यंत्राचे कान वेळेआधी उघडले होते. पहिल्या दणक्याने पत्रे भिडले, आणि कांडीला पेटवायच्या आधीच चार फोटो निघाले. नंतर कांडी जगली की मेली ते पेटीला ठाऊक. आणि पेटीत आता नुसती राख होती. मेलेली कांडीही शेजारच्या आगीत जळून जाते, राखेवरून काही सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर एवढा पसारा मांडलाच कशाला असता?

ती तिथेच जमिनीवर बसली. दमलेल्या माणसाला वाईट वाटायलाही थोडी ताकद लागते आणि तिच्याकडे ती नव्हती. डोक्यात एवढंच येत होतं की बटणं जुळी आहेत, बटणं जुळी आहेत.

काका बाहेर आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्यांच्या हातात त्यांची चिठ्ठी होती, घडी घातलेली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग बटणांकडे बघितलं, आणि कुरकुरत तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बोलायचं नाही हा रिवाज त्यांनी खुशाल मोडला.

"मी मेली लिहिलंय," ते म्हणाले.

"काका, कोपरा बघितलात?"

"चिमट्याची सावली आहे."

"सावलीच्या कडेला?"

"बाई, माझं वय झालं. मला कोपरे दिसत नाहीत."

"भिंग लावूनही?"

"भिंग लावलं तर अजिबातच दिसत नाहीत." ते थोडं हसले. जरा वेळाने म्हणाले, "आकडा मी परत बोललो होतो. बटणाकडे न बघता. डोळे मिटलेले होते माझे. काल रात्री दवाखान्यात बाकावर होतो. तू बोललीस, मी पोपटासारखं म्हटलं. तेव्हा चूक तुझी एकटीची नाही."

"तुमचं नाव मी घेणार नाही."

"नावासाठी नाही बोलत गं. निघायचे दिवस आलेत माझे, आता मला कोण काय करणार? मी सांगतो ते ऐक. कांडी तशीही मेली असती. दुसरी लंगडली होती की नाही? ही मेलीच असती."

"असती."

"मग? तूही तेच लिही आणि घरी जा. भावाला सांग. आज तरी झोपेल तो."

तिला ते इतकं पटलं की तिची तिलाच भीती वाटली. काका खोटारडे नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी एका फोटोबद्दल थाप मारली नव्हती, आणि जाता जाता मारली ती तिच्यासाठी. तिने त्यांचा हात धरला. तो थंडगार होता. दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले, बस चुकलेल्या माणसांसारखे.

कंपनीची तिला कणव नव्हती. कायद्याचीही फारशी नव्हती. पण ती फोटो वाचून जगत आली होती. न दिसलेलं दिसलं म्हणायचं तर तिच्या आजवरच्या सगळ्याच चिठ्ठ्यांचं काय, हे तिला सुटेना. आणि एक बारकी, हट्टी गोष्ट होती. दादा विचारेल, टोक कसं दिसत होतं? तो सुरुंगवाला होता, टोकाचंच विचारणार. त्याच्या तोंडावर तिला टोक रचून सांगावं लागेल. आणि ते रचलेलं टोक घेऊन तो त्या बाईच्या दारात जाईल.

ती उठली, खोलीत गेली, "मेली" लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि नवीन चिठ्ठीवर लिहिलं, "बाद". खाली कारणही लिहिलं, दाराचं बटण चुकून मी फिरवलं.

साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या उघडून टेबलावर ठेवल्या. आधी काकांची, मग तिची. तिची त्यांनी दोनदा वाचली. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

"दोन चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर बाद," साहेब म्हणाले. "नियम आहे."

"हो."

"आणि चौथी कांडी नाही."

"नाही."

साहेबांनी डोळे चोळले. "बाई, खरं सांगू का? आम्ही सगळे धरून चाललो होतो की तुम्ही मेली लिहाल. चौकशीवालेसुद्धा. कुणाची काही हरकत नव्हती. त्यांनाही फाइल बंद करायची आहे." ते उपहासाने बोलत नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आता काय होणार, तर काहीच होणार नाही. सिद्ध होत नाही म्हणतील. तुरुंग टळेल बहुतेक. परवाना परत मिळणार नाही. तो दोषी आहे असं कुणी म्हणणार नाही आणि नाही असंही कुणी म्हणणार नाही."

"कळलं."

"घरी जा," साहेब म्हणाले. "दोघंही जा."

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली. वहिनीचा फोन आला, तो तिने वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. समोरच्या सीटवरची बाई मान वळवून बघायला लागली तेव्हा तिने तो बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. वहिनीला सांगायला शब्द नव्हते असं नाही. शब्द एकदाच बोलण्यापुरते होते, आणि ते दादासाठी राखून ठेवायचे होते.

अजून उजेड होता. दादा दारातच उभा होता. गालावरचा कागद तसाच होता, काढायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली, तिला खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं. मग समोर बसला. विचारलं मात्र नाही.

"फोटो बाद झाला," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला.

"माझ्यामुळे झाला. दोन बटणं असतात शेजारी शेजारी. मी एक फिरवायला वाकले आणि हात दुसऱ्यावर गेला. फोटो आधीच पडले. कांडी जगली की मेली ते कळलं नाही."

"दुसरी एखादी कांडी?"

"संपल्या, दादा. आता कधीच कळणार नाही."

तिला वाटलं तो उठून जाईल. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याने टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसला आणि विचारलं, "फिरवताना कळलं नाही तुला?"

"नाही."

"अजिबात? हाताला काही वेगळं लागलं नाही?"

"नाही. मला वाटलं बरोबरच फिरवलंय. आकडा मोठ्याने बोललेसुद्धा."

"मग कळलं केव्हा?"

"नंतर. फोटो बघितल्यावर. जाऊन बटणं बघितली तेव्हा."

"हं." मग हळूच म्हणाला, "म्हणजे असं होतं तर. इतकी वर्षं तेच काम करणारं माणूस, आणि हात भलतीकडे जातो. आणि त्याला वाटतं, बरोबरच केलंय."

तिच्या आत्ता लक्षात आलं की आपण त्याच्यासाठी काय घेऊन आलो आहोत. फोटो तर आणला नाहीच. वरून त्याला पुरावा आणून दिला.

"तुला नंतर बघायला बटणं तरी होती," दादा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "माझ्याकडे बघायला काही उरलंच नाही."

"दादा, तसं नाही. माझी गोष्ट वेगळी."

"दमली होतीस का?"

"हो."

"मीही दमलो होतो."

खालून कुणाची तरी सायकल जिना चढताना पायऱ्यांवर आपटत होती. ती वरपर्यंत जाईस्तोवर दोघं ऐकत बसले. मग त्याने गालावर हात नेला, कागद हाताला लागला, तो त्याने सोलून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"छोटे," तो म्हणाला, "मी जोडली असेन ना गं?"

लहानपणापासून तिने त्याला विचारायचं आणि त्याने सांगायचं, असं चालत आलं होतं. त्याने तिला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काल होता त्याहून तो म्हातारा दिसत होता, आणि ते तिने केलं होतं.

"जोडली होतीस," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. हाक आली, तू मागे वळलास, बोललास, आणि परत त्याच भोकापाशी बसलास. तीच नळी हातात घेतलीस आणि जोडलीस."

ती कधी त्या खाणीत गेलीसुद्धा नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याने डोळे मिटले.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

आणि तिने पुन्हा सांगितलं.